एमसीबी खाली, टेस्टर विझलेला, तरी काळ्या वायरनं करंट दिला

मंगळवार_पेठकर | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, हाताला अजून मुंग्या आहेत, तरी लिहितोय.

घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. खालचा मजला वडिलांच्या काळातला, वरचा मी १९९८ ला चढवला. वर आम्ही राहतो. खालच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्यात, तिथं एक काकू एकट्या राहतात. मीटर दोन, दोन्ही सिंगल फेज.

आज दुपारी स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला. मिक्सरचं सॉकेट सैल झालं होतं, तेवढं बदलायचं होतं. स्वयंपाकघराची एमसीबी, म्हणजे मेन डब्यातला जास्त करंट गेला की पडणारा स्विच, खाली केली. टेस्टर लाल वायरीला, म्हणजे फेजला, लावला, विझलेला. काळ्याला, म्हणजे न्यूट्रलला, लावला, विझलेला. निर्धास्तपणे काळ्या वायरींचा जोड सोडवला, त्यातली एक वायर बोटात होती आणि कोपरापर्यंत सणकन करंट बसला. पायात चप्पल होती म्हणून भागलं. बायको बाथरूममधून ओरडली, "गीझर का बंद पडला?"

म्हणजे गीझरचा न्यूट्रल माझ्या स्वयंपाकघराच्या बोर्डातून फिरून जातोय. गीझरची एमसीबी वेगळी आहे आणि ती चालू होती.

दुसरी गोष्ट. मागच्या दिवाळीत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतली, ३० मिलीअँपची. ती एक मिनिटही टिकली नाही. गंमत म्हणजे आमच्या सगळ्या एमसीबी खाली करून नुसती आरसीसीबी उचलली तरी थोड्या वेळानं पडायची. वायरमन म्हणाला, पीसच खराब आहे. दुसरा आणला, तोही तसाच. मग त्यानं "सायेब, जुन्या घराला हे चालत नाही" म्हणून ती डायरेक्ट करून टाकली. आता डब्यात शोभेला आहे.

प्रश्न असा की दोन सर्किटना एक न्यूट्रल नियमात बसतो का? आणि आरसीसीबीचं आणि याचं काही नातं आहे का?

शिरोलीचा_शॉर्टसर्किट | रात्री ९:३०

गीझरनं तुम्हाला आंघोळ घातली म्हणायची. काळजी घ्या राव.

तेच_ते | रात्री ९:४४

आमच्या शाहूपुरीच्या घरात चाळीस वर्षं एकच न्यूट्रल सगळीकडे फिरलाय. काही झालं नाही. न्यूट्रलमध्ये करंट नसतोच, तुमचं फेज-न्यूट्रल उलटं झालं असेल. उगाच लोकांना घाबरवू नका.

मेगर_काका | रात्री १०:२५

तेच_ते, तुमचा गैरसमज निम्म्या महाराष्ट्राचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आयुष्य वीज खात्यात गेलं, आता निवृत्त आहे.

न्यूट्रलमध्ये करंट असतो. फेजमधून जेवढा जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. नसतो तो व्होल्टेज, आणि तोही न्यूट्रल पुढं ट्रान्सफॉर्मरपर्यंत सलग जोडलेला असेल तोवरच. टेस्टरचा निऑन व्होल्टेजवर पेटतो. जोड शाबूत होता तोवर काळी वायर जमिनीच्या पातळीला बांधलेली होती, म्हणून टेस्टर विझलेला. पेठकरांनी जोड सोडवला त्या क्षणी गीझरकडची काळी वायर दाव्यातून सुटली. २ किलोवॅटच्या गीझरची कॉइल म्हणजे साधारण २६ ओहम. माणसाचं अंग हजार ओहमच्या वर. दोन्ही एकापाठोपाठ एक जोडले तर २६ ओहमवर व्होल्टेज पडणार किती? नगण्य. म्हणजे गीझरमधून आलेले जवळजवळ सगळेच्या सगळे २३० व्होल्ट बोटावर. फेजला हात लावल्यासारखंच.

तेव्हा फेज-न्यूट्रल उलटं काही झालेलं नाही. वायरिंग उलटं असतं तर टेस्टरनं आधीच सांगितलं असतं. दुसऱ्या सर्किटकडून घेतलेल्या उधारीच्या न्यूट्रलमध्ये टेस्टर खोटं बोलतो, हीच त्याची वाईट खोड.

आता नियम. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ३२ वा नियम आम्हाला पाठ करायला लावायचे: न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा स्विच घालायचा नाही, घालायचा तर फेजबरोबर एकदम तुटणारा हवा. ते नियम गेले, त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम आले, आणि आता २०२३ चे आहेत. तत्त्व तेच राहिलं. घरातल्या वायरिंगसाठी आयएस ७३२ हे भारतीय मानक. यामागचा विचार असा की सर्किट म्हणजे फेज आणि त्याचा स्वतःचा न्यूट्रल, अशी जोडी. ब्रिटिशांच्या वायरिंगच्या मानकात, बीएस ७६७१ मध्ये, तर सरळ लिहिलंय की प्रत्येक अंतिम सर्किटचं वायरिंग दुसऱ्यापासून विद्युतदृष्ट्या वेगळं हवं, म्हणजे बंद केलेलं सर्किट दुसऱ्याच्या वाटेनं जिवंत होणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात नेमकं तेच झालं.

शॉर्टसर्किटराव, थट्टा पुरे. पेठकर, छातीत धडधड वाटली तर उद्या सकाळी ईसीजी काढून या.

मंगळवार_पेठकर | रात्री १०:४०

काका, धन्यवाद. धडधड नाही. पण आरसीसीबीचं?

मेगर_काका | रात्री १०:५२

त्याकडेच येत होतो. तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात: "सगळ्या एमसीबी खाली, तरी पडायची." खरा माग तिथं आहे.

आरसीसीबी फक्त एक हिशोब करते. माझ्यातून फेजनं किती गेला, न्यूट्रलनं किती परत आला. फरक ३० मिलीअँपच्या आत ठीक, नाहीतर पडायचं. तुमच्या एमसीबी सिंगल पोल, त्या फेज तोडतात. सगळ्या काळ्या वायरी जिथं येतात ती न्यूट्रल पट्टी तशीच जोडलेली राहते. आता तुमच्या फेजमधून काहीच जात नाही आणि तरी ती पडते, याचा अर्थ तिच्या न्यूट्रलमधून कुणा दुसऱ्याचा करंट वाहतोय. घरात दुसरं कोण आहे?

उद्या एक करा. परवानाधारक वायरमन बोलवा, आरसीसीबी परत लाईनमध्ये घ्यायला सांगा. मग खालच्या काकूंना त्यांचा मेन बंद करायची विनंती करा, आणि तुमची आरसीसीबी उचला. काय होतं ते इथं लिहा. मला अंदाज आहे, पण आधी सांगत नाही.

बावड्याचा_वायरमन | रात्री ११:२०

काकांनी बरोबर पकडलंय. मी सांगतो हे होतं कसं. जुन्या घरात न्यूट्रल म्हंजे गावची विहीर, कुणी बी यावं अन् बादली टाकावी. कन्सिल्ड पाइप अर्ध्या इंचाचा, त्यात आधीच सात वायरी. मालक म्हणतो भिंत फोडायची न्हाई. मग बाथरूमला नवीन पॉइंट काढायचा तर फेज ओढायचा मेनपासनं, कारण त्याला एमसीबी पायजे, आणि न्यूट्रल घ्यायचा शेजारच्या बोर्डातनं, कारण तो जवळ हाय. चालू झालं, पैसे मिळाले, विषय संपला. खोटं कशाला बोलू, सुरवातीला मी बी केलंय. एकदा एका बंगल्यात माझाच पोरगा शिडीवरनं खाली आला असल्या काळ्या वायरीमुळं, तेव्हापासनं बंद.

आरसीसीबी पडली की "पीस खराब" हे आमच्या लायनीतलं ठरलेलं उत्तर. दहातली एखादी खरंच खराब असती, बाकी घर खराब असतंय.

आणि पेठकर, राग मानू नका, पण बोर्ड उघडताना स्वयंपाकघराची एमसीबी पाडून भागत न्हाई. जुन्या घरात मेन पाडायचा. डबल पोल मेन. दोन्ही वायरी तुटल्या पायजेत.

तेच_ते | रात्री ११:३१

ठीक आहे, करंट असतो हे मान्य. पण चाळीस वर्षं काही झालं नाही हेही खरं.

बावड्याचा_वायरमन | रात्री ११:३४

चाळीस वर्षांपूर्वी घरात काय होतं? दोन पिवळे बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. आता मोजा.

पार्कातला | रविवार, सकाळी ८:०५

चांगला धागा. आमचं ताराबाई पार्कात थ्री फेज कनेक्शन आहे. इंजिनिअर मित्र म्हणतो, थ्री फेजमध्ये तिन्ही फेजचा न्यूट्रल एक असतो, करंट एकमेकांना मारतात, म्हणून सामायिक न्यूट्रल उलट चांगला. मग नक्की कोण बरोबर?

मेगर_काका | सकाळी ९:१०

मित्रही बरोबर, आणि म्हणूनच हा विषय घसरडा आहे.

तिन्ही फेजवर १०-१० अँपचा हीटरसारखा सरळ भार असेल तर न्यूट्रलमध्ये शून्य. दोनच फेजवर १०-१० असेल तर न्यूट्रलमध्ये १०. एकावरच असेल तरी १०. असल्या भारात न्यूट्रलमध्ये सगळ्यात जड फेजपेक्षा जास्त कधीच जात नाही. मीटरपासून डीबीपर्यंत (एमसीबींच्या डब्यापर्यंत) एक जाड न्यूट्रल आणि तिथून प्रत्येक सर्किटचा आपापला, हे रास्तच आहे. आंतरराष्ट्रीय आयईसीच्या नियमात तर एका थ्री फेज सर्किटचे तीन फेज वेगवेगळ्या सिंगल फेज भारांना देऊन न्यूट्रल एकच ठेवायला मुभाही आहे, पण रचना ओळखू येण्यासारखी हवी आणि सगळ्या जिवंत वायरी एकत्र तोडणारा स्विच हवा, या अटीवर.

आता तुमच्या पार्कातल्या घराकडे बघू. मीटरच्या शेजारी फेज बदलायचे फिरते स्विच आहेत ना? एक फेज गेला की सगळं घर उरलेल्या फेजवर घ्यायला?

पार्कातला | सकाळी ९:१८

आहेत की. पावसाळ्यात रोजचंच आहे. फेज गेला की आधी स्विच फिरवायचा, मग चहा.

मेगर_काका | सकाळी ९:४०

तिथंच मेख आहे. तीन सर्किटं, तीन फेज, पुढं भिंतीत अडीच एमएमचा एकच न्यूट्रल. रोज बेरीज जवळपास मिटते. ज्या दिवशी तुम्ही स्विच फिरवून तिन्ही सर्किटं एकाच फेजवर आणता, त्या दिवशी मिटवणारं कुणी नाही. १० अधिक १० अधिक १० म्हणजे ३० अँप त्या एका वायरीत. अडीच एमएम तांब्याची वायर पाइपातून वीस-चोवीसपर्यंत ठीक. प्रत्येक सर्किटच्या १६ अँपच्या एमसीबीतून १० च जातोय, एकही पडणार नाही. आणि न्यूट्रलला एमसीबी नसतेच. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांसाठी बनवलेलं असतं. ते आत शिजत राहतं आणि बाहेर चहा चाललेला असतो.

दुसरं भय न्यूट्रल तुटण्याचं. समजा एका फेजवर हजार वॅटची इस्त्री, दुसऱ्यावर शंभर वॅटचा टीव्ही, आणि दोघांचा सामायिक न्यूट्रल डीबीकडे सैल होऊन सुटला. आता ती दोन यंत्रं दोन फेजच्या मध्ये, ४०० व्होल्टवर, एकापाठोपाठ एक. इस्त्री सुमारे ५३ ओहम, टीव्ही ५२९ धरा. वाटणी ओहमप्रमाणे होते: इस्त्रीच्या वाट्याला ३६ व्होल्ट, टीव्हीच्या वाट्याला ३६४. इस्त्री कोमट, टीव्हीतून धूर. एका खोलीत दिवे डीम आणि दुसरीत नेहमीपेक्षा लख्ख असं कधी दिसलं तर कारण शोधत बसू नका, आधी मेन पाडा. घरातला न्यूट्रल असेल तर वायरमन, खांबावरचा असेल तर १९१२.

तरुण_मंडळवाला | सकाळी १०:०२

३६४ वाचून अंगावर काटा आला. गणपतीत आमच्या मंडपात डिट्टो झालं होतं. कमानीची लाईट एका फेजवर, मूर्तीसमोरचे एलईडी पार लाईट दुसऱ्यावर, साऊंड तिसऱ्यावर, न्यूट्रल सगळ्यांचा एक, आणि तो पण पिळून टेप मारलेला. आरतीच्या वेळी कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. फाडफाडफाड करून अकरा पार लाईट गेले. पोरं म्हणाली विरोधी मंडळाची नजर लागली. अध्यक्षांनी लिंबू-मिरची बांधली. आत्ता कळतंय, टर्मिनल बांधायला पाहिजे होता.

शिरोलीचा_शॉर्टसर्किट | सकाळी १०:१०

नाद खुळा. लिंबू-मिरची न्यूट्रलला बांधली असती तरी काम झालं असतं.

न्यूजर्सीत_कोल्हापूर | सकाळी १०:३५

इथं रात्र झालीय, पण राहवत नाही. अमेरिकेत हा प्रकार अधिकृत आहे, नावासकट: मल्टिवायर ब्रँच सर्किट. पण इथली वीज वेगळी. घरात दोन उष्ण तारा (म्हणजे आपले फेज), प्रत्येक न्यूट्रलच्या मानानं १२० व्होल्ट, आपापसांत २४०. दोन्ही उलट दिशेच्या, म्हणून एकीवर १२ अँप आणि दुसरीवर ९ अँप असले तर सामायिक न्यूट्रलमध्ये फक्त ३. तांबं वाचतं, म्हणून जुन्या घरांत स्वयंपाकघराला असं वायरिंग भरपूर.

तरीही इथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या २१०.४ कलमात अट आहे की असल्या सर्किटच्या सगळ्या उष्ण तारा एकाच वेळी तुटल्या पाहिजेत; दोन ब्रेकरच्या दांड्या जोडून टाकतात. २००८ च्या आवृत्तीपासून ही अट सरसकट लागू झाली. कारण अगदी पेठकरांच्या बोटाचंच: एक ब्रेकर पाडून काम करणाऱ्याला दुसऱ्याचा न्यूट्रल चावू नये. आणखी एक, ३००.१३ मध्ये: सामायिक न्यूट्रलची सलगता सॉकेटच्या स्क्रूवर अवलंबून ठेवायची नाही. सॉकेट काढलं तरी न्यूट्रल पुढं अखंड राहील असा जोड हवा.

माझ्याच घरात आधीच्या मालकानं पॅनेल बदलताना दोन्ही ब्रेकर एकाच तारेवर आणून बसवले होते. वजाबाकीची बेरीज झाली. न्यूट्रलच्या टोकाचं आवरण तपकिरी, बिस्किटासारखं कुरकुरीत झालेलं. घर घेताना केलेल्या तपासणीत सापडलं, नशीब.

पार्कातला | सकाळी १०:५०

म्हणजे तुमच्याकडे ब्रेकरची जागा बदलली आणि आमच्याकडे फेजचा स्विच फिरवला, रोग एकच.

फौंड्रीवाला | सकाळी ११:२५

एक भर. काका म्हणाले सरळ भारात न्यूट्रल सगळ्यात जड फेजच्या वर जात नाही. एलईडी, कॉम्प्युटर, चार्जर हे सरळ भार नव्हेत. यांचा करंट ठोके मारत येतो, त्यात १५० हर्ट्झचा, म्हणजे मूळच्या तिप्पट वेगाचा, तिसरा हार्मोनिक असतो, आणि तो तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये मिटत नाही, साचतो. आमच्या ऑफिसच्या मजल्यावर टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून करंट मोजायचा मीटर) लावला तेव्हा फेजपेक्षा न्यूट्रल जास्त दाखवत होता. मला वाटलं मीटर बिघडला. केबल बघितली तर साडेतीन कोर. तो अर्धा कोर म्हणजे न्यूट्रल! मोटारींच्या काळातली बचत. आता तिथं चार कोर टाकलीय.

तेच_ते | दुपारी १२:१५

आत्ता आमचा जुना डबा उघडून फोटो काढला (हात लावला नाही, वायरमन, ओरडू नका). फेजला पण किटकॅट (तारेचा फ्यूज) आहे आणि न्यूट्रलला पण किटकॅट आहे. दोन-दोन फ्यूज म्हणजे डबल सुरक्षा ना?

मेगर_काका | दुपारी १२:४०

उलट. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरात अंधार, पंखा बंद, आणि प्रत्येक पॉइंटला फेज जिवंत. लाईट गेली समजून तुम्ही होल्डरला हात घालणार. ३२ वा नियम याच्यासाठीच होता. सामायिक न्यूट्रल आणि त्यात किटकॅट, हे तर आणखी वाईट, कारण तो एक उडाला की चार सर्किटं लटकतात. आजच वायरमन बोलवून तिथं न्यूट्रल लिंक, म्हणजे न उडणारी अखंड पट्टी, घालून घ्या.

जाता जाता आणखी एक पाप सांगतो. न्यूट्रल तुटला की काही जण "तात्पुरतं" अर्थिंगलाच न्यूट्रल करून देतात. अर्थचा खड्डा समजा १० ओहमचा. २ किलोवॅटचा गीझर त्यावर चालवला की साधारण ६ अँप जमिनीत जाणार आणि घरभरच्या हिरव्या वायरीवर ६३ व्होल्ट उभे राहणार. फ्रिजच्या दांड्यावर, वॉशिंग मशिनच्या पत्र्यावर. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेल्या माणसाला तेवढे पुरतात.

तेच_ते | दुपारी १२:४८

बोलावतो. (पहिल्यांदाच मान्य करतोय, स्क्रीनशॉट घेऊ नका.)

रंकाळ्याची_वहिनी | दुपारी १:३०

इन्व्हर्टरचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे इन्व्हर्टरवाल्यानं फक्त एक फेज वायर ओढली आणि न्यूट्रल घरातलाच ठेवला. "एका वायरीत काम होतं वहिनी" म्हणाला. हे पण यातच मोडतं का?

बावड्याचा_वायरमन | दुपारी १:५५

मोडतं वहिनी. कोल्हापुरात निम्मी घरं अशीच. मेन आरसीसीबीच्या मागं इन्व्हर्टर बसवला आणि त्याचा न्यूट्रल भलत्याच पट्टीला गेला की पडापडी चालू. आरसीसीबी दोन असतील तर न्यूट्रल पट्ट्या पण दोन, यांच्या काळ्या त्यांच्यात जायच्या न्हाईत. दुसरं म्हंजे मेन पाडला तरी इन्व्हर्टर पॉइंट जिवंतच. म्हणून बोर्ड उघडायच्या आधी मेन पाडा आणि इन्व्हर्टरचं बटण बी बंद करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर व्हीनस कॉर्नरकडच्या घरांत गाळ काढायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचो: इन्व्हर्टर कुठाय?

मंगळवार_पेठकर | संध्याकाळी ६:२०

निकाल!

वायरमन आला (दुसरा, परवानावाला). काकूंचा मेन बंद केला. आमची आरसीसीबी उचलली. टिकली. एकेक एमसीबी चढवत गेलो. गीझर लावला, फ्रिज लावला, सगळं लावलं. टिकली! काकूंनी खाली मेन चालू केला, फट्ट.

मेगर_काका | संध्याकाळी ६:३१

जिन्यातला दिवा बघा. खाली एक बटण, वर एक बटण, असा आहे का?

मंगळवार_पेठकर | संध्याकाळी ७:४५

काका, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलाय का?

जिन्याच्या मध्यावरची डबी उघडली. १९९८ मध्ये वरचं वायरिंग करणाऱ्यानं आमचा काळा आणि खालचा काळा तिथं एकत्र पिळून ठेवलाय. एक एमएमची वायर. म्हणजे आमचा आणि काकूंचा न्यूट्रल अठ्ठावीसेक वर्षं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेत.

वायरमननं टाँग टेस्टर आमच्या मीटरच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र धरून लावला. शून्य यायला पाहिजे म्हणाला. आला साडेतीन अँप. तेवढा आमचा करंट खालच्या मीटरमधून परत जात होता.

मेगर_काका | संध्याकाळी ८:०२

आता दोन गोष्टी ऐका.

पहिली: उद्या खांबावर तुमचा न्यूट्रल सुटला असता तर दिवा विझला नसता, कुणाला कळलंही नसतं. तुमचं सगळं घर, गीझर-इस्त्रीसकट, जिन्यातल्या त्या एक एमएमच्या वायरीतून काकूंच्या न्यूट्रलवर गेलं असतं.

दुसरी जरा नाजूक आहे. बऱ्याच सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये वीजचोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट मोजतात, आणि जो जास्त त्यावर युनिट धरतात. काकूंच्या मीटरवर 'अर्थ'चा लाल दिवा पेटलेला असतो का? त्यांचे पंखे बंद असतानाही?

कळंब्याची_ताई | संध्याकाळी ८:१५

थांबा, आमच्याकडे भाड्याच्या घरात तो लाल दिवा कायम पेटलेला असायचा. मालक म्हणायचे तुमचा फ्रिज लीक आहे. फ्रिज दुरुस्त करायला दिला, तरी दिवा तसाच. मी घर सोडलं पण कारण आज कळतंय.

मंगळवार_पेठकर | संध्याकाळी ८:५०

खाली जाऊन बघून आलो. काकूंच्या घरात एक ट्यूब आणि टीव्ही चालू. आमचा गीझर लावला, लाल दिवा पेटला. गीझर बंद केला, विझला. बायको वर, मी खाली, फोनवर चार वेळा करून बघितलं.

म्हणजे आमचा तोच करंट आमच्या मीटरनं पण मोजला आणि काकूंच्या मीटरनं पण.

काकू मे महिन्यात लेकीकडे गडहिंग्लजला असतात. गेल्या वर्षी आल्यावर म्हणाल्या होत्या, "घर बंद होतं तरी बिल कसं आलं रे?" मी म्हटलं होतं, स्थिर आकार असतो काकू.

शिरोलीचा_शॉर्टसर्किट | संध्याकाळी ८:५५

आता थट्टा सुचत नाही.

बावड्याचा_वायरमन | रात्री ९:२०

दुरुस्ती फार मोठी न्हाई. जिन्यातला दिवा फेज-न्यूट्रल दोन्ही वरनंच घ्या. खालच्या बटणाला न्यूट्रल लागतच न्हाई, दोन बटणांच्या मधल्या वायरी तेवढ्या राहू देत. खालचा काळा डबीतनं कायमचा काढा. गीझरला मेन डब्यापासनं स्वतःचा अडीचचा न्यूट्रल, त्यासाठी बाथरूमच्या वर भिंत थोडी चिरावी लागंल, चिरा. डब्यात प्रत्येक काळ्याला फेजचाच नंबर घाला. शेवटी सप्लाय बंद करून सगळे काळे पट्टीतनं मोकळे सोडायचे आणि एकमेकांत बझर वाजतोय का बघायचा. कुठं बी वाजला तर अजून उधारी शिल्लक हाय.

मेगर_काका | रात्री ९:३२

आणि त्यानंतर मेगर (वायरींचं आवरण तपासायचं यंत्र) मारा, ५०० व्होल्टचा, एक मेगओहमच्या खाली काही चालवून घेऊ नका. मग आरसीसीबी. तिचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा.

मंगळवार_पेठकर | बुधवार, रात्री ८:१०

डबीतला जोड सोडवला, गीझरचा न्यूट्रल झाला. भिंत चिरली, बायको दोन दिवस बोलत नव्हती. आरसीसीबी तीन दिवस उभी आहे.

काकूंना सगळं सांगितलं. न्यूट्रल म्हणजे काय ते कळलं नाही, पण बिलाचं कळलं. किती वर्षांचं किती, याचा हिशोब मला काही लावता येईना. सहा महिने भाडं घेणार नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तीन पुरे, आणि जिन्यातला दिवा लवकर लाव, मला दिसत नाही." दिव्याचं काम उद्या. तोवर मी संध्याकाळी सातला बॅटरी घेऊन खाली उतरतो आणि त्यांना देवळातनं घरात आणून सोडतो.

तेच_ते | बुधवार, रात्री ८:४०

आमचे किटकॅट निघाले. न्यूट्रलच्या किटकॅटमधली तार बघितली, जळून केसाएवढी उरली होती. फोटो टाकतोय.